नळीची दोन बारशी

एका राज्यात बारा वर्षं जो घोळ चालला, त्याचं खापर एकाच माणसाच्या डोक्यावर फोडायचं: म्हाताऱ्या राजनामकाराच्या. विद्वान होता, पूज्य होता, आणि दोन्ही हातांनी घेणारा होता.

तिथली रीत अशी, की नवी वस्तू आली की तिला पाळण्यात घालून बारसं करायचं. राजनामकार जे नाव ठेवी, तशीच ती लोकांना दिसे. दर्यापारच्या व्यापाऱ्यांनी आग ओकणारी लोखंडी नळी आणली. राजनामकाराने सकाळी शिलेदारांची शालजोडी घेतली आणि नाव ठेवलं ‘कुलरक्षिणी’. दुपारी मठकऱ्यांची शालजोडी घेतली आणि नाव ठेवलं ‘काळनागीण’. झालं. अर्ध्या राज्याला घरात देवी दिसू लागली, अर्ध्याला फणा काढलेली नागीण. नळी कुणालाच दिसेना. दरबारातले थोर थोर लोक बारा वर्षं एकमेकांना ‘देवीद्रोही’ आणि ‘सापांचे सोयरे’ म्हणत बसले, आणि इकडे घराघरांत पोरं मरत राहिली.

उल्का राजनामकाराची शाळा अर्धवट सोडून आलेली. तिच्या घरी, माजघरातल्या खांबाला टेकून, ती वस्तू भरलेली उभी असे. बाबांना देवी दिसे. ते उल्काच्या धाकट्या बहिणीला, सोनुलीला, रोज पाया पडायला तिथे नेत. आईला नागीण दिसे. ती पोरीला ओढून आणी, पण वस्तूला शिवत नसे. उल्कालाही नागीणच दिसे. हात पुढे केला की बोटं थिजत. सोनुलीला अजून शब्द येत नव्हते, म्हणून तिला तेवढी चकचकीत नळी दिसे. आणि ती आता चालू लागली होती.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, “तीन वाक्यांत जादू उतरेल. देवी म्हणणाऱ्याने सांगावं, ती कशाची आहे. नागीण म्हणणाऱ्याने सांगावं, ती काय करते. नाव ठेवणाऱ्याने सांगावं, कशापायी ठेवलं. ठेवलेलं नाव मात्र कुणी घ्यायचं नाही.”

उल्का बाबांकडे गेली. “कशाची आहे ती?”

“तेजाची.”

“डोळे मिटा. हात लावा. आता सांगा.”

बाबांनी डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला. “गार लागतं. लोखंड आहे. पोकळ. आत बारूद आहे, मीच ठासलीय.”

मग आई. “ती डसते, दुसरं काय करणार?”

“ते राहू दे. शेजारच्या गोदूचं काय झालं ते सांग.”

आईने पदराचं टोक पिळलं. “तिचा बाप नाना ती पुसत बसला होता. चाप ओढला गेला. गोळी पोरीला लागली. नाना अजून धड जेवत नाही.”

उल्का सोनुलीला कडेवर घेऊन राजनामकाराकडे गेली. तो झोपाळ्यावर पान चघळत होता.

“शाळा सोडलीस, आणि आता गुरूला शिकवायला आलीस?”

“विचारायला आले, गुरुजी. तुम्हाला काय दिसतं?”

झोपाळा थांबला. “नळी.”

“बारा वर्षं?”

“नाव ठेवणाऱ्यावर नावाची जादू चालत नाही, पोरी.”

“मग बोलला का नाहीत?”

“नाव मागे घेणाऱ्याचं स्वतःचं नाव जातं. साठ वर्षं कमावलंय मी ते.” सोनुलीने त्याची दाढी मुठीत धरली. “ही कोण?”

“आमच्या गल्लीत गोदूनंतर हिचीच पाळी.”

म्हाताऱ्याने पान थुंकलं. पोरीची मूठ त्याने सोडवली नाही. “दोन शालजोड्यांपायी,” तो म्हणाला.

त्या क्षणी साऱ्या राज्याला नळी दिसली. बाबांना ती भरलेली, सोनुलीच्या हाताला येईल अशी दिसली. त्यांनी खाली बसून ती रिकामी केली आणि माळ्यावरच्या पेटीत कुलपात ठेवली. त्या दुपारी आई माजघरात निवांत निजली.

दरबारातला वाद मिटला नाही, पण आता तो नळीबद्दल होता. कुणाकडे असावी, कुणाकडे नसावी, कुठे ठेवावी. बारा वर्षांत न झालेलं तीन दिवसांत ठरलं. राजाने नियम दवंडीने सांगितले, आणि ते सगळ्यांना सारखेच ऐकू आले.

राजनामकाराचं नाव गेलं. पोथ्यांतून गेलं, बायकोच्या जिभेवरून गेलं, त्याच्या स्वतःच्या आठवणीतूनही गेलं.