सोनकाबाईचा उबदार जनरेटर

कोंबड्यांनी अंड्यांवर बसणं सोडून उबवणीची यंत्रं घेतली, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. सोनकाबाई कोंबडीच्या यंत्रात बावीस अंडी होती आणि वीज रोज दुपारी जायची. म्हणून ती मुंगूसरावांकडे जुना डिझेल जनरेटर बघायला गेली. न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून तिने आधी निरोप धाडला होता.

तिथे दोन जनरेटर होते. कोपऱ्यातला कळकट जनरेटर म्हणाला, "बाई, मी चार दिवस बंद आहे. असाच सुरू करून बघा."

सोनकाबाईने त्याला पंख लावून पाहिला. तो गार होता. गार पडलेल्या अंड्यातून पिल्लू निघालेलं तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिने पुढे चौकशीच केली नाही.

दुसऱ्याला नवा हिरवा रंग होता आणि अंगात छान ऊब होती. बटण दाबताच तो सुरू झाला.

"तुमचा निरोप आल्यापासून तुमच्यासाठीच चालवून ठेवला होता," मुंगूसराव अदबीने म्हणाले. एवढ्या अगत्याने सोनकाबाई विरघळली आणि तोच घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. रात्रभरात गार पडलेला हिरवा जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. यंत्रातली अंडी निवू लागली.

सोनकाबाईने वेळ घालवला नाही. पिसं फुलवून ती थेट जनरेटरवर जाऊन बसली.

"जरा दम धरा, बाळांनो," ती अंड्यांना म्हणाली. "याला ऊब आली की तुमचंच बघते."