तडकलेलं मडकं

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा गाढवं बोलत असत, आणि माणसं कधीमधी ऐकतही असत.

कुंभारांच्या एका गावात देवीची चांदीची घंटा चोरीला गेली. गावाची रीत अशी, की चोरी झाली की प्रत्येक घरानं एक मडकं घडवायचं आणि सगळी एकाच आव्यात भाजायची. चोराचं मडकं तडकतं, असं वाडवडील सांगत.

मडकी भाजून पाटलांच्या अंगणात मांडली. तडकलेलं एकच होतं, एका एकट्या म्हातारीचं.

"चोराचं मडकं तडकतं. हिचं तडकलं. म्हणून ही चोर!" एक कुंभार ओरडला. "माझं बघा, कसं खणखणीत वाजतंय!"

"दिवस मावळायच्या आत गाव सोड," पाटलांनी निवाडा दिला.

"या मातीत जन्म गेला, पाटील," म्हातारी रडू लागली. "आता या वयात जाऊ कुठं?"

तेवढ्यात गावाची माती वाहणारं गाढव पुढे आलं. "पाटील, एक विचारू?"

"घ्या! आता गाढवं न्याय करणार!" लोक हसले.

"पाऊस आला की अंगण भिजतं. तुमचं अंगण भिजलंय. म्हणून पाऊस आला?"

"अरे गाढवा," पाटलीणबाई म्हणाल्या, "सकाळी मी सडा घातला!"

"मग मडकंही दुसऱ्या कशानं तडकलं असेल. फोडून तर बघा."

मडकं फोडलं. तडा गेला होता तिथेच चुनखडीचा खडा निघाला. म्हातारीची नजर अधू. माती निवडताना तो राहून गेला होता.

पाटील वरमले. "पण चोराचं मडकं तडकतं, हे तरी खरं ना?"

"कशावरून? कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मग घरोघर झडती झाली. घंटा सापडली ती खणखणीत मडकं मिरवणाऱ्या त्याच कुंभाराच्या कडब्यात!

म्हातारीनं गाढवाच्या गळ्यात हात टाकले. "लेकरा, माझं गाव तू मला परत दिलंस."

पाटलांनीही हात जोडले. "आणि मला पापातून वाचवलंस."

गावानं त्या रीतीला मूठमाती दिली. अजूनही तिथे कुणी तावातावानं 'म्हणून' म्हटलं, की कुणीतरी शांतपणे 'कशावरून?' विचारतं. लोक त्याच्यावर चिडत नाहीत. त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात.

तात्पर्य : 'म्हणून' म्हणण्याआधी 'कशावरून' विचारावं, आणि विचारणाऱ्याचे उपकार मानावेत.