शेंड्याची फांदी

रानात अजून पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका जांभळीवर पाखरं आपापल्या जातीच्या फांदीवर निजत. एका इवल्या गाणाऱ्या पाखराला मोठ्या चोचीचे, पाखरांत वडीलधारे धनेशबुवा म्हणाले, “तुझ्या गळ्यावर निळी रेघ आहे, गाणंही निराळं. तुझी जात वेगळी. आजपासून शेंड्याची फांदी तुझी.”

पाखरू डौलात वर गेलं. पण पौषाची थंडी पडली आणि एकट्याच्या पंखांत ऊब धरेना. रोज तिन्हीसांजेला ते खाली बघत गायचं. खाली जुन्या फांदीवर त्याच्या बहिणी एकमेकींना खेटून बसायच्या, मधे मात्र एका पाखराएवढी जागा रिकामी.

“तिथून वारा लागत असेल,” एकदा ते म्हणालं. “जवळ सरका की.”

“लागतो ना,” थोरली बहीण म्हणाली. “पण आम्ही सरकलो, तर तू कुठे बसशील?”