खड्डा आणि सातवी पायरी

"पण बुवा, यातलं खरं कोणाचं धरायचं?"

धोंडीबुवा मांडीवरच्या परातीतले तांदूळ निवडत राहिले.

सुजयने हातातले कागद पुन्हा चाळले. एकशे बारा पानं होती. त्याच्या खेळाबद्दल लोकांनी जे जे म्हणून लिहिलं होतं, ते सगळं त्याने छापून आणलं होतं. काही ओळींखाली लाल रेघ होती, काहींखाली हिरवी. काहींखाली दोन्ही होत्या, आणि त्या का ओढल्या हे आता त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

खेळाचं नाव 'कंदील्या'. सुजय आणि मृदुला या दोघांनी पुण्यात एका खोलीत बसून तीन वर्षं खपून तो बनवला. मुद्दाम जुन्या वळणाचा. लहानपणी टीव्हीला डबा जोडून, कॅसेट फुंकून फुंकून खेळायचे ना, तसला. चौकोनी ठिपक्यांचा एक बुटका माणूस, हातात कंदील. तो डावीकडून उजवीकडे पळतो, उड्या मारतो, वटवाघळांना कंदिलानेच झोडपतो, आणि मेला की पुन्हा टप्प्याच्या सुरुवातीला उभा.

खेळ बाजारात येऊन पाच आठवडे झाले होते. सुजयची झोप उडूनही तितकेच.

शेवटी आईनेच हात जोडले. "एकदा टेकडीवर जाऊन ये बाबा. बुवांना विचार." सुजय हसला होता. ज्या माणसाने आयुष्यात टीव्हीचं बटण दाबलं नाही, त्याला काय विचारायचं? पण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून गावाकडे वाडीवर आला आणि सकाळीच निनाईची टेकडी चढला.

बुवा मूळचे गवंडी. निनाईच्या देवळाच्या नव्वद पायऱ्या त्यांनीच बसवल्या, त्याला तीस वर्षं झाली. शेवटची पायरी बसवली ती वरची. मग ते खाली उतरलेच नाहीत, आणि लोक त्यांना बुवा म्हणू लागले.

"वाच," बुवा म्हणाले.

"हा एक बघा. 'तिसऱ्या टप्प्यातल्या खड्ड्यात साठ वेळा मेलो. बनवणाऱ्याला माणुसकी नाही. दहापैकी दहा.'"

"बरं."

"आणि हा. 'बालपण परत मिळालं. डोळे भरून आले. दहापैकी तीन.'"

"बरं."

"'संगीत फारच सुंदर आहे. मी आवाज बंद करून खेळतो.'... याचं मी काय करू, बुवा?"

बुवांनी तांदळातला एक खडा उचलून लांब टाकला.

"लोक म्हणाले, उडी जड आहे. मी हलकी केली. तर ज्यांनी आधीच खेळ पार केला होता ते अंगावर आले, आमची उडी बिघडवली म्हणून. मी परत जड केली. मग पहिले अंगावर आले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं..."

बोलता बोलता त्याचा आवाज चढला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आता मलाच कळत नाही, बुवा. खेळ चांगला आहे की वाईट, मला सांगताच येत नाही. मी केलेला, आणि मलाच सांगता येत नाही."

बुवा परात हलवत होते. तांदूळ सरकण्याचा आवाज तेवढा येत होता.

"आज काय ठरवायचंय?" त्यांनी विचारलं.

"खड्ड्याचं. मृदुला म्हणते, खड्ड्याच्या मधोमध एक फळी टाकू. एका मोठ्या उडीच्या जागी दोन छोट्या होतील. पाच वाजेपर्यंत तिला हो किंवा नाही कळवायचंय. फळी टाकली तर जुने खेळणारे तुटून पडतील. आमच्या घामाची किंमत काय म्हणतील. आणि नाही टाकली तर..."

"तर?"

"शंभरातले चाळीस जण त्या खड्ड्यापाशी येऊन खेळ बंद करतात. परत उघडत नाहीत."

"ते काय लिवत्यात?"

"ते कुठे काय लिहितात? त्यांचा नुसता आकडा दिसतो."

बुवांचा हात परातीत थांबला. मग पुन्हा हलू लागला.

"हं."

"मग? टाकू फळी?"

"घागर घे," बुवा म्हणाले. "झऱ्यावरनं पानी आन. रांजन रिकामा हाय."

झरा टेकडीच्या अर्ध्यावर. सुजय संगणकापुढे बसून बसून मऊ झालेला माणूस. घागर खांद्यावर घेऊन तो धापा टाकत वर आला आणि अगदी वरच्या टप्प्यात, देऊळ दिसायला लागल्यावर, पायाचा अंगठा दगडावर आपटला. अर्धी घागर अंगावर, अर्धी पायरीवर.

त्याने वळून पाहिलं. वरून सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा चांगली वीतभर उंच होती.

"बुवा, ती सातवी पायरी..."

"व्हय. लोक म्हनत्यात खरं."

"तुम्हीच बसवलीत ना?"

"मीच."

"मग चुकली कशी?"

"त्या दिशी दगड तसलाच हाताला आला," बुवा म्हणाले. "जा. रांजन न्हाई भरला अजून."

सुजयच्या मनात आलं, आपण सल्ला मागायला आलो होतो की पाणी भरायला? पण आईला तोंड द्यायचं होतं. तो गेला.

दुसऱ्या खेपेला तो वर पोचतो न पोचतो तोच दूध घालणारा रंगा मागून चढत आला. दोन हातांत दोन चरव्या. सातव्या पायरीपाशी आल्याबरोबर त्याचं तोंड सुटलं.

"बुवा, या पायरीपायी एक दिवस मी आन् चरव्या संगटच निनाईला अर्पन हुनार! कुनी बांधली ओ ही? आंधळ्यानं?"

"उद्या दूध कमी घाल," बुवा म्हणाले. "एकादस हाय."

रंगा बारा वर्षं रोज हेच म्हणत होता आणि बारा वर्षं रोज चढत होता. सुजयने मात्र एक गोष्ट टिपली. शिव्या देताना रंगाने पायरीकडे पाहिलंच नव्हतं. पाय आपोआप वर गेला होता आणि दुधाचा थेंबही हलला नव्हता.

तिसऱ्या खेपेला सुजयचं थोडंसंच सांडलं.

चौथ्या खेपेला सातव्या पायरीपाशी वाडीतली हिराक्का उभी होती. पंचाहत्तरीची बाई, हातात शेवंतीच्या फुलांचा पुडा. एक हात गुडघ्यावर ठेवून ती पायरीकडे बघत होती. सुजयला पाहून ती हसली आणि वाट द्यायला बाजूला झाली.

खांद्यावर भरली घागर. सुजय पुढे झाला. सातवी पायरी आली, त्याचा पाय आपसूक उंच उचलला गेला, आणि तो वर! एक थेंब सांडला नाही. त्याला इतका आनंद झाला की रांजणात पाणी ओततानाच तो बोलायला लागला.

"कळलं बुवा! कळलं मला!"

"काय कळलं?"

"पायरीला हात लावायचा नाही. माणसाचा पायच शिकतो. रंगा शिव्या देतो, पण त्याचा पाय शिकला. माझाही शिकला! खड्डा आहे तसाच ठेवायचा. फळी नको. तुम्ही मला चार खेपा करायला लावल्यात ते याचसाठी ना?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्याने फोन बाहेर काढला.

बुवा त्याच्याकडे बघत नव्हते. ते पायऱ्यांकडे बघत होते.

"तुझ्या मागनं हिराक्का येत हुती," ते म्हणाले. "कुठं ऱ्हायली?"

सुजय कठड्याशी गेला. हिराक्का पाठमोरी, एकेक पायरी आडवी होत, बरीच खाली उतरली होती. सातव्या पायरीच्या कडेला शेवंतीचा पुडा ठेवलेला होता.

"गेल्या त्या."

"ती फुलं आन."

त्याने आणली. बुवांनी पुडा दोन्ही हातांत धरला.

"काय म्हनली?"

"मला? काहीच नाही."

"पायरीला काय म्हनली?"

"काहीच नाही, बुवा. हसल्या फक्त."

...

बुवा पुडा तसाच धरून पायऱ्यांकडे बघत राहिले. देवळावर ऊन चढत होतं. सुजयने फोन खिशात टाकला, कारण काय घडलंय ते कळत नसलं तरी काहीतरी घडलंय एवढं त्याला समजत होतं.

मग बुवा उठले. फुलं देवीच्या पायाशी ठेवली, आपल्या खोपटामागे गेले आणि तिथून हाक मारली.

"इकडं ये. एक बाजू धर."

तीस वर्षांपूर्वी उरलेले घडीव दगड तिथे गवतात पडले होते. बुवांनी त्यातला एक निवडला, हाताने वीत मारून पाहिला, नाही म्हणाले, दुसरा निवडला. दोघांनी तो घामाघूम होत खाली नेला. सातव्या पायरीच्या पुढ्यात जागा ऐसपैस होती. तिथे बुवांनी तो दगड टेकवला, सत्तरी ओलांडलेल्या हातांनी फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या, वर उभे राहून हलतो का ते पाहिलं, आणि पुन्हा ठोकल्या. एका उंच पायरीच्या जागी आता दोन बेताच्या पायऱ्या झाल्या.

सगळं होईपर्यंत साडेचार वाजून गेले.

सुजय घाम पुसत उभा होता. मघाशी आलेला रंग कधीच उडाला होता.

"पण बुवा... मी तर आत्ताच म्हणालो, की हात लावायचा नाही."

"म्हनलास."

"तुम्ही नाहीसुद्धा म्हणाला नाहीत!"

"व्हय बी न्हाई म्हनलो."

"अहो, तीस वर्षं लोकांच्या पायांना ती उंची बसलीय. अंधारातसुद्धा चढत असतील. उद्या रंगा येईल आणि पडेल!"

"पडंल," बुवा म्हणाले आणि रांजणातलं पाणी घेऊन हात धुऊ लागले.

"मग चूक काय होती? आधीची पायरी, की ही?"

बुवांनी ओले हात धोतराला पुसले.

"म्हणजे मी खड्ड्यात फळी टाकायची, असंच ना?"

"मला कशाला इचारतोस? मी कुठं बघितलाय तुझा खड्डा."

सुजयला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी बुवांना गदागदा हलवावं असंही वाटलं. सकाळी डोक्यात एक गाठ होती. आता दोन होत्या.

खिशातला फोन वाजला. मृदुला.

"काय ठरलं? पाच वाजत आले, सुजय."

"ऐक, मला अजून..."

"काय? तुटतोय आवाज. टाकू का फळी? हो की नाही, एवढंच सांग!"

"थांब, जरा खाली उतरतो. वर रेंज नीट नाही. लगेच सांगतो."

फोन कानाला, एका हातात एकशे बारा पानं, असा तो तरातरा उतरायला लागला. पहिली, दुसरी, तिसरी... सातवी आली. पायाला आता ती पाठ होती. त्याने तो सरळ खोल टाकला.

खोल काही नव्हतंच. नवा दगड मध्येच पायाखाली आला, गुडघा कचकन हिसकला, आणि सुजय पायरीवर आदळला. सकाळचाच अंगठा पुन्हा फुटला. फोन दोन पायऱ्या खाली जाऊन पडला आणि त्यातून मृदुलाचा बारीक आवाज येत राहिला, "हॅलो? हॅलो?" लाल-हिरव्या रेघांची पानं वाऱ्यावर टेकडीभर झाली.

मग मात्र त्याचा तोल सुटला.

"ही काय पायरी झाली?" तो बसल्या जागेवरून वर बघून ओरडला. "आधीची काय वाईट होती? चांगलं शिकलो होतो मी! चार खेपा मारून शिकलो होतो! तुम्हाला कोणी सांगितलं होतं हिला हात लावायला?"

बुवा कठड्याशी आले. वाकून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"लागलं व्हय?"

"लागलं म्हणजे? रक्त आलंय!... आंधळ्याने बांधलीय ही पायरी!"

बुवांचा चेहरा उजळला. सकाळपासून ते पहिल्यांदा हसले.

"रंगावानी वरडलास न्हवं... म्हंजी तू उद्या येशील."