कोऱ्या टायरची साल

एकदा एका वृद्ध मिस्तरीने भर दुपारी, वीस-पंचवीस शहाण्या माणसांच्या देखत, चार कोऱ्या करकरीत टायरांची साल काढली. होय, साल. बटाट्याची काढतात तशीच. पाहणाऱ्यांपैकी एकाचा गरम चहा त्याच्याच पायावर सांडला आणि तो ओरडायचेही विसरला, यावरून काय ते ओळखा.

स्थळ म्हणजे शहराबाहेरची एक बंद पडलेली धावपट्टी. तिथे मोटारींची शर्यत होती. पण दहा गाड्या एकमेकींच्या अंगावर धावून जातात तसली नव्हे. इथे एका वेळी एकच गाडी, आणि सामना घड्याळाशी. प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आखलेला, फेरी जेमतेम पाऊण मिनिटाची. एक पाळी सकाळी, एक दुपारी. प्रत्येक पाळीत पहिली फेरी टायर तापवायला, पुढच्या दोन घड्याळावर. दिवसभरातली सर्वांत वेगवान एकच फेरी धरायची. जो पहिला येईल त्याला एका नामांकित संघाची गाडी वर्षभर चालवायला मिळणार होती.

मिस्तरीला सगळे वस्ताद म्हणत. त्यांची शिष्या शर्वाणी, वय वर्षे तेवीस. घरच्यांनी तिला बजावले होते की ही शेवटची. पहिली आलीस तर तुझे तू बघ. नाही आलीस तर हेल्मेट माळ्यावर आणि तू काकांच्या मंगल कार्यालयात, बुकिंगच्या खुर्चीवर. नवरदेवाकडचे किती, नवरीकडचे किती, हे जन्मभर विचारत बसायचे.

सकाळी पोरगी चौथी आली. कारण सांगतो, पण मोठ्याने हसू नका, जवळपास तिच्यासारखेच कोणी बसलेले असेल. तिने टायर निवडले होते दणकट. घेताना तिने दुकानात विचारले होते, "हे किती टिकतील?" पाऊण मिनिटाच्या फेरीसाठी पन्नास हजार किलोमीटरची हमी घेऊन आलेली वीरांगना! टायर शाबूत राहिले, नंबर गेला.

तिच्या गाडीच्या दारावर एका टायरच्या व्यापाऱ्याचे नाव रंगवलेले होते. आपले नाव चौथ्या क्रमांकावर पाहून त्याच्या अंतःकरणात करुणा दाटून आली. तो गोदामात गेला आणि चार नवे टायर घेऊन आला. रबर इतके मऊ की नख रुतावे.

"सगळ्यात चिकट माल आहे हा, वस्ताद," तो म्हणाला. "रस्त्याला मिठी मारतो, मिठी!"

वस्तादांनी अंगठा दाबून पाहिला. "झकास हाय. चला, सोलून आणू."

धावपट्टीच्या समोरच हमरस्त्यावर टायर रिमोल्ड करायचे दुकान होते. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याआधी जुने खरवडून काढायचे यंत्र तिथे असते. आता यंत्रावरच्या कारागिराने आयुष्यात काय कमी टायर पाहिले असतील? पण तोही दचकला.

"वस्ताद, नवीन हायत की ओ हे!"

"दिसतंय मला. मोतीबिंदू काढलाय मागच्याच साली. तू चालू कर."

शर्यत सोडून मागोमाग आलेल्या बघ्यांसमोर यंत्र घरघरले. काळा कीस उडू लागला. करंगळीच्या जाडीएवढी खोल नक्षी निम्म्याहून खाली आली. व्यापारी एका पालथ्या डब्यावर बसला, खरे म्हणजे कोसळला. "अहो... अहो, कोरे... लेबल सुद्धा..." एवढेच त्याच्या तोंडून निघत होते.

शर्वाणीचा चेहरा पांढराफटक पडला. "वस्ताद, माझं शेवटचं आहे हे. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"म्हनून तर," वस्ताद म्हणाले, आणि दुसरा टायर यंत्रावर चढवला.

शर्यतीच्या परीक्षकाने उरलेल्या नक्षीची खोली तीनदा मोजली. नियमात बसत होती, केसभर जागा राखून. त्याने सही केली आणि पुराव्याअभावी सुटलेल्या आरोपीकडे बघावे तसे वस्तादांकडे पाहिले.

दुपारची पाळी. तापवण्याची फेरी झाली. मग पहिली फेरी घड्याळावर. पहिल्याच वळणावर गाडी अशी वळली की शंकूजवळ उभे असलेले दोघे उगाचच मागे उडाले. गाडी घसरली नाही, डुलली नाही. जणू रस्त्याला शिवलेली. घड्याळ थांबले शेहेचाळीस सेकंद ब्याऐंशीवर. सकाळच्या पहिल्या क्रमांकापेक्षा जवळजवळ अर्धा सेकंद कमी. निवेदकाने आकडा वाचला, मग कागद डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला.

दुसऱ्या फेरीत मात्र तेच रबर उतू गेल्यासारखे झाले. गाडी तेल सांडल्यागत सरकली, दोन शंकू लोळले. ती परत आली तेव्हा टायरांच्या कडा करपल्या होत्या आणि जळका वास सुटला होता.

सकाळी पहिला आलेला इचलकरंजीचा गडी तेवढा अजून उतरायचा होता. आता काही करण्यासारखे उरले नव्हते, वाट पाहायची. तिघे टायरांच्या चळतीपाशी बसले.

"निदान सांगा तरी," व्यापारी म्हणाला, "माझ्या मालात काय खोट होती?"

"खोट कसली? शेठ, मऊ रबर उंच असलं की वळणावर वाकतं. गाडी म्हनते इकडं चल, रबर म्हनतं जरा थांब. ठेंगणं केलं की मुकाट ऐकतं. कोरा टायर लांबच्या वाटेला. आमची वाट पाऊण मिनिटाची. पण हे झालं तुमच्यासाठी." मग ते शिष्येकडे वळले. "तुझ्यासाठीचं कारण येगळं हाय. खरं सांग पोरी, कोरे टायर असते तर घड्याळावरची पहिली फेरी कशी मारली असतीस?"

खोटे बोलायची शर्वाणीची इच्छा होती, पण जमेना. "थोडी राखून. दुसऱ्या फेरीला रबर असावं म्हणून."

"आनि दुसऱ्या फेरीला असतं?"

तिने करपलेल्या कडेला बोट लावले आणि पटकन मागे घेतले. "नाही. तोवर तापून गेलंच असतं."

"मऊ टायर वापरला तरी जातो, राखला तरी जातो. मी तुला चार वर्षं बघतोय. तुझी सवय काय मला सोलता येईना. म्हनून टायर सोलला. राखायला काही उरूच दिलं नाही."

समोर इचलकरंजीकराची गाडी निघाली. व्यापाऱ्याने डोळे मिटून घेतले. शर्वाणीने मात्र फेरी नीट पाहिली, वळणावळणाने. तिला नवल वाटले ते स्वतःचेच. सकाळी चौथी आल्यावर ती प्रत्येक वळण मनात पुन्हा घेत बसली होती, कारण आणखी थोडे दाबता आले असते हे तिला ठाऊक होते. आता ते 'आणखी थोडे' तिला सापडत नव्हते, कुठल्याच वळणावर. हात मांडीवर निवांत पडले होते.

निवेदकाचा आवाज चिरकला. शेहेचाळीस सेकंद एक्याण्णव! दुसरी फेरी त्याहून संथ निघाली.

नऊ शतांश सेकंद. तुमची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. व्यापाऱ्याने जवळचा करपलेला टायर कवटाळला आणि पांढऱ्या सफारीचे कायमचे वाटोळे करून घेतले. मंगल कार्यालयाला दुसरे कोणीतरी शोधावे लागणार होते.

ओरडाआरडा ओसरल्यावर व्यापारी म्हणाला, "वस्ताद, पुढच्या शर्यतीचे टायर आणले की आधी सोलूनच घेतो. किती सोलायचे तेवढे सांगा."

वस्ताद तोंड उघडणार तोच शर्वाणी बोलली. "ते रस्ता बघून ठरवू, शेठ. रस्त्याला हवं असेल तर सोला. माझ्यासाठी म्हणून सोलायची आता गरज नाही."

दिवसभर इतरांना आ वासायला लावणाऱ्या त्या वृद्धाने तेव्हा पहिल्यांदा स्वतः आ वासला. मग त्यांनी तोंड सावकाश मिटले आणि खिशातल्या नव्या टायरांच्या पावत्या तिच्या हाती दिल्या: यापुढे टायर तिनेच निवडायचे.

माणसाला राखून ठेवण्यासारखे पुष्कळ असते. टायर तापल्यानंतरची पहिली फेरी त्यात मोडत नाही.