सतराव्या पायरीपर्यंतची पन्हळ

आंबोण्याच्या घाटमाथ्यावर, कोकणातून वर आलेली पायवाट जिथे संपते, तिथे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. टाक्याच्या काठापासून बोटभर खोल पन्हळ निघते आणि पायऱ्यांच्या कडेकडेने खाली जाते. सतराव्या पायरीपाशी ओंजळीएवढा खळगा आहे, तिथे ती संपते. फिरायला येणारी मुलं फोटो काढतात आणि विचारतात, ही कशाला केली? पावसाचं पाणी काढायला म्हणावं, तर ते दुसऱ्याच अंगाने उतरतं.

मग आमच्या आत्याबाई सांगायला बसतात. त्या माझ्या सासऱ्यांची बहीण, ठकूआत्या. पण आधी पाणी देतात. आमच्या गावात पाणी देण्याआधी "कुठले तुम्ही, कुणाचे?" असं विचारत नाहीत. मी नवी नवरी असताना एका म्हाताऱ्या वाटसरूला विचारलं, तर आत्याबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस डाग होता. म्हणाल्या, "आधी पाज. मग हवं तर त्याचं आधार कार्ड माग."

हे असं का, तर त्याची ही गोष्ट.

फार जुना काळ. या घाटातून बैल आणि गाढवं चालायची. खाली बंदर होतं, तिथे समुद्रापलीकडची जहाजं यायची. ती दारूचे रांजण आणायची, मिरी आणि लुगडी घेऊन जायची. टाक्यावर पाणी पाजायचं काम सामा नावाच्या बाईकडे होतं. तिचा नवरा विन्हू ओझी वाहायचा. घाट तेव्हा वरच्या राजाचा होता, पण तहानलेल्याला तुझा राजा कोण, असं विचारत नसत.

मग ते वर्ष आलं. समुद्रापलीकडे यवनांचा, म्हणजे त्या जहाजवाल्यांचा, कुणी मोठा राजा मेला म्हणे, आणि त्याचे दोन सेनापती गादीसाठी भांडले. कोण बरोबर, कोण चूक, ते आम्हाला माहीत नाही. सामालाही माहीत नव्हतं. पण पावसाळा सरला तरी जहाजं आली नाहीत. बंदर ओस पडलं. बंदराच्या राजाची मिळकत बुडाली, म्हणून तो कार्तिकात घाट चढून आला आणि वरच्या राजाचे शिपाई पळाले. नव्या शिपायांनी दवंडी पिटली, टाक्याचं पाणी फक्त आपल्या राजाच्या माणसाला. दुसऱ्याला पाजेल त्याचं घर दुसऱ्याचंच समजू.

त्यांनीच विन्हूला वेठीला धरून ओझ्यासकट बंदरावर नेलं. सामाला तेव्हा सातवा महिना होता. जाताना तो एवढंच म्हणाला, "जाऊन येतो. तू जड उचलू नकोस." पौषात मुलगी झाली.

माघात वरचा राजा फौज घेऊन आला आणि घाट परत त्याचा झाला. शिपाई बदलले, दवंडी तीच. खाली बंदरावर विन्हूच्या कानावर हे उडत उडत आलं. वेठ सुटल्यावर तो निघाला आणि वाटभर एकच घोकत राहिला, "मी वरच्या राजाचा, मी वरच्या राजाचा." शहाणा माणूस. पण तो वाटेवर असतानाच वर राजाला त्याच्याच धाकट्या भावाने मारलं आणि स्वतः गादीवर बसला; जुन्या राजाचा म्हणवणारा आता दुसऱ्याचा ठरत होता. ही बातमी घाटमाथ्यावर पोचली होती. घाटाखाली नव्हती.

वैशाखातली दुपार होती म्हणतात. टाक्यापाशी उंबराला झोळी बांधलेली, झोळीत पोर निजलेली. सामा घागर भरत होती आणि दोन शिपाई सावलीला बसले होते. विन्हू शेवटची पायरी चढून आला. ओठ फुटलेले, पायाला चिंध्या.

शिपायाने विचारलं, "कुणाचा रे तू?"

विन्हू घोकलेलं बोलला.

शिपाई हसायला लागले. "अरे, तुझा राजा अमावस्येलाच गेला! कुठे निजला होतास?" एकाने भाला आडवा धरला. "चल, उतर खाली. तुझ्या राजाला माग पाणी."

सामाने त्याला आवाजावरूनच ओळखलं होतं. तिने काय करायचं? हा माझा नवरा म्हणाली असती, तर तीही दुसऱ्याची ठरली असती आणि झोळीतली पोरही. तिने घागरीचा काठ घट्ट धरला. विन्हूनेही तिच्याकडे पाहिलं, मग झोळीकडे पाहिलं. तो समजला. म्हणाला, "राहू द्या बाई. मला तशी तहान नाही."

बाई म्हणाला. आत्याबाई दर वेळी इथे थांबतात.

तेव्हा सामाने उंबराशी जाऊन झोळी उघडली, पोरीचं तोंड वाटेकडे वळवलं आणि पुन्हा झोका दिला. तेवढंच तिला करता आलं. विन्हूने लेक पाहिली आणि तो उतरू लागला. सतराव्या पायरीशी त्याचे पाय गेले. वळणाआड बसलेला वरून दिसत नव्हता, नुसता खोकला ऐकू यायचा.

सामा शिपायांना म्हणाली, "टाक्यात खार मरून पडलीय. पाणी उपसायला हवं." ते म्हणाले, उपस. तिने घागर भरून पायऱ्यांच्या कडेला ओतली. ओघळ चार पायऱ्या गेला आणि तापल्या कातळाने पिऊन टाकला. दुसरी ओतली, तिसरी ओतली. शिपाई म्हणाला, "काय गं, डोंगराला न्हाऊ घालतेस?" ती ओततच राहिली. तिच्या ओतण्यानेच कातळात ही पन्हळ पडली, असं सांगतात. हळूहळू खोकला ऐकू येईनासा झाला.

दिवस कलल्यावर शिपाई छावणीकडे गेले. सामा पोरीला घेऊन खाली धावली. सतराव्या पायरीवर त्याच्या पायाच्या चिंध्या होत्या, तो नव्हता. दरीत कोसळला की कुणी उचलून नेला, कोण सांगणार? खळगा ओला होता असं काही जण म्हणतात. मी आत्याबाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ओला म्हटलं की पोरींना बरं वाटतं. कोरडाच होता गं."

नवव्या दिवशी धाकट्या भावाने बंदराच्या राजाची मुलगी केली. सोयरीक झाली. पुन्हा दवंडी आली, टाक्याचं पाणी सगळ्यांना. सामाने ती ऐकली आणि घागर भरायला वाकली. त्यानंतर ती जन्मभर पाणी पाजत राहिली, पण कुणालाही एक शब्द विचारला नाही.

आमचे हे जहाजावर कामाला आहेत, आखाताकडे. तिकडे काय चाललंय ते टीव्हीवर दाखवतात. मी बघते आणि मला अर्धंही कळत नाही. सोमवारपासून फोन लागलेला नाही.

आजही आंबोण्याची बाई टाक्यावर गेली की पहिली कळशी पन्हळीत ओतते. कडेवर लेकरू असेल तर त्याचं तोंड वाटेकडे करते. काल मीही माझ्या बाळाला घेऊन गेले होते. पाणी अकराव्या पायरीपर्यंत गेलं आणि सुकलं. मी दुसरी कळशी ओतली. मग बाळाला वळवून धरलं. वाटेवर कुणी नव्हतं. तरी हात भरून येईपर्यंत तसंच धरून उभी राहिले.