आठ पायांचा घोडा

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका, सासवा तेव्हाही होत्या एवढं नक्की.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक नवी सून आली. तिच्या माहेरी भिंती नुसत्या सारवायचे. इथली रीत निराळी. लग्नघराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. चौकात देवी, शेजारी नवरा-नवरीचा घोडा, ताडाचं झाड, नाचणारी माणसं. वरमाय येऊन चौक बघणार, मगच लग्न लागणार. भिंत कोरी दिसली तर वऱ्हाड आल्या पावली परत.

पंचक्रोशीत चौक लिहायची ती एकटी सुनेची सासू. बाकीच्यांनी आयुष्यभर वाळलेले, पांढरेशुभ्र चौकच पाहिलेले. आता नेमकं तिच्याच लेकीचं लग्न तोंडावर आलं आणि बाई ओढ्यावर घसरून पडली. उजवा हात मोडला.

"चौक तूच लिहायचा," सासू सुनेला म्हणाली.

"मी? अहो आई, मला साधं वर्तुळ धड काढता येत नाही!"

"मी काय काडी हातात घेऊन जन्मले होते? बस इथे."

सासूने शिकवलं ते असं. बांबूची काडी घे, टोक चावून मऊ कर. पीठ पाण्यात कालव, जरासा डिंक घाल. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस झाला. घोड्याला आधी पाठ, मग मान, मग पाय. "रेघ ओढायची आणि पुढे सरकायचं. मागे वळून बघायचं नाही." एवढं बोलून सासू गळ्यात हात अडकवून शेजारच्या गावी आवतण द्यायला निघून गेली.

का बघायचं नाही, ते सांगायचं राहूनच गेलं. शिकवणाऱ्यांचं हे असंच असतं बघा. जे त्यांना रोजचं, ते दुसऱ्याला नवं असेल हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

सून भिंतीपुढे बसली. भिंत नुकतीच सारवून गेरू लावलेली, अजून ओली. घरात उजेड बेताचा. तिने चौक लिहिला, देवी लिहिली, घोड्याची पाठ ओढली, मान ओढली, पाय ओढले आणि बघते तर काय, भिंतीवर काहीच नाही! नुसती ओल.

पीठ पातळ झालं? काडी चुकीची चावली? की माझ्या हातालाच गुण नाही? बिचारी पार गोंधळली. तिने काडी चाटून बघितली. पीठ तर होतं.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "घोडा कुठाय गं?"

"आहे. म्हणजे... इथे कुठेतरी आहे."

"तोंड कुणीकडे केलंस त्याचं?"

"चुलीकडे."

"अगंबाई! घोडा काय भाकरी खायला आलाय? दाराकडे कर तोंड!"

सुनेला वाटलं, आधीचा तर दिसतच नाही, मग नवा काढायला काय जातंय? तिने त्याच जागी दाराकडे तोंड केलेला घोडा ओढला. तोही दिसेना.

मग ताडी काढणारा आला. "ताड कुठवर नेलास?" तिने हात कमरेपर्यंत धरून दाखवला. तो खो खो हसला. "एवढ्यावर तर माझी शेळीसुद्धा चढेल. छपराला टेकव!" तिने ताड छपराला टेकवला. मग एक म्हातारी आली आणि म्हणाली, नाचणारी माणसं उलट्या अंगाने फिरायला हवीत. सुनेने ती उलटी फिरवली. देवीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तिला सगळेच टरकून.

सून पाण्याला गेली, हंडा भरून परत आली आणि दारातच किंचाळली.

भिंत वाळली होती. ओढलेली एकूण एक रेघ पांढरीशुभ्र होऊन बाहेर आली होती. घोड्याला दोन्हीकडे तोंडं आणि पाय आठ. ताड नवऱ्याच्या टाळूतून निघून छपराला भिडलेला. नाचणाऱ्यांचा तर नुसता गवताचा भारा. सून तिथेच बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

संध्याकाळी सासू आली. तिने घोडा बघितला, पाय मोजले आणि विचारलं, "कितीदा ओढलंस गं?"

"दिसतच नव्हतं हो आई! मला वाटलं, काही उमटलंच नाही."

"ओलं पीठ कसं दिसेल? वाळल्यावर दिसतं." मग सासू स्वतःच थबकली. "हे तुला सांगायलाच हवं होतं. चुकलंच माझं."

दोघींनी मिळून भिंत पुन्हा सारवली, गेरू लावला. दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळी भिंत ओलीच होती, पण थांबायला वेळ कुठला? सासू पाहुण्यांच्या स्वयंपाकात अडकलेली. सुनेने एकटीने चौक लिहिला. रेघ ओढली, पुढे सरकली. भिंत पुन्हा कोरीच्या कोरी. वाळल्यावर दिसतं हे तिला आता ठाऊक होतं, पण डोळ्यांना कोण समजावणार? मान काढली ना मी? की दोनदा काढली? तिला काही केल्या आठवेना.

हळद लावून बसलेली नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, लिहिलायस ना गं खरंच?"

"लिहिलाय."

"मग मला का दिसत नाही?"

"मला तरी कुठे दिसतोय?" सून म्हणाली. नणंदेच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि वऱ्हाड दारात आलं. वरमाय तरातरा आत शिरली, भिंतीकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "चौक कुठाय?"

"लिहिलाय. ओला आहे," सून म्हणाली.

"ओला! विहिणीचा हात मोडलाय ते कळलंय आम्हाला. येत नाही म्हणा की सरळ! ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत थांबते, मग निघाले."

"वाळला की दिसेल," सासू म्हणाली खरी. पण सुनेने नेमकं काय ओढलंय, ते तिला तरी कुठे माहीत होतं? शेजारीण मागून ओरडली, "अगं बघतेस काय? पुन्हा ओढ! चांगलं जाड ओढ!" सुनेचा हात काडीसकट भिंतीकडे निघालासुद्धा. मग तिला ते आठ पाय आठवले. तिने पिठाची वाटी आणि काडी नणंदेच्या हातात कोंबली. "हे तू धर बाई. मी मागितली तरी देऊ नकोस."

सगळे भिंतीकडे बघत बसले. ऊन अंगणातून सरकत सरकत उंबऱ्यावर आलं. वरमाय उठली, पदर खोचला, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. ऊन तिच्या पायावरून आत भिंतीवर पडलं. तिने जाता जाता एकदा मागे बघितलं आणि थांबली.

"अगं, हा कान कुणाचा?"

लालसर भिंतीवर एक इवलासा पांढरा कान उमटला होता. मग मान आली. मग पाठ, पाठीवर नवरा, त्याच्यामागे नवरी. छपराला टेकलेला ताड आला, हात धरून नाचणारी माणसं आली आणि सगळ्यांच्या मधोमध चौकात देवी. नणंदेने वाटी तशीच पोटाशी धरली होती, ती आता रडता रडता हसायला लागली.

वरमाय जवळ गेली. घोड्याला खालून वर न्याहाळून म्हणाली, "एक पाय आखूड आहे. लंगडतोय तुमचा घोडा."

"लंगडू दे हो," सून म्हणाली, "पण पाय चारच आहेत!"

सासू एवढी हसली की मोडका हात दुखायला लागला. वरमायला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण चौक तिला पसंत पडला होता. लग्न लागलं.

तात्पर्य काय, तर नवं शिकताना केलेलं लगेच दिसत नाही, म्हणून ओल्या रेघेवर दुसरी रेघ ओढू नये. आधी तिला वाळू द्यावं. पहिला घोडा लंगडला तरी चालेल.